पोर्ट २२००० वरून उत्तर आलं!

एक संगणक दुसऱ्याला "नाही" म्हणतो आणि एक संगणक काहीच बोलत नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे! "कनेक्ट होत नाहीये" असं आपण सगळेच म्हणतो आणि तिथेच थांबतो. पण त्या एका वाक्यात निदान दोन निराळ्या बातम्या लपलेल्या असतात. नकार आला, तर आपली विनंती पोचली, कुणीतरी ती बघितली आणि परतवली. काहीच आलं नाही, तर ती वाटेत कुणीतरी गिळली. एवढा फरक हाती आला की फायरवॉल, पोर्ट, राउटर या जंजाळात नेमकं पाणी कुठे मुरतंय ते शोधता येतं. अंदाजाने नाही, पुराव्याने!

मला हे सगळं शिकवलं आमच्या भजनी मंडळाच्या कॅसेटींनी. आजोबा आणि त्यांचे सोबती दर एकादशीला बसायचे, काकड आरती व्हायची, आणि कुणीतरी टेपरेकॉर्डर लावून ठेवायचं. त्या कॅसेटी मी पुण्यात संगणकावर उतरवते, आणि मिरजेचा माझा चुलतभाऊ, दादा, आवाज साफ करतो. टेपची खरखर काढायची पण टाळांची धार मरू द्यायची नाही, हे त्याचं कसब. त्यासाठी त्याला मूळ आवाज जसाच्या तसा हवा असतो, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. या दर्जाला एका मिनिटाचे साडेचौतीस एमबी होतात, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट तीन जीबीच्या पुढे जाते. व्हॉट्सअ‍ॅप दोन जीबीच्या वर फाइल घेत नाही. गूगल ड्राइव्हची फुकटची १५ जीबी पाचव्या कॅसेटलाच भरते. म्हणून आम्ही सिंकथिंग घेतलं.

सिंकथिंगबद्दल मी तासभर बोलू शकते! २०१३ साली याकोब बोर्ग या प्रोग्रामरने त्याची सुरुवात केली. मुक्त स्रोत, फुकट, आणि मधे कुठलीही कंपनी नाही, कुठलाही साठा नाही. माझ्या संगणकावरचं फोल्डर आणि दादाच्या संगणकावरचं फोल्डर थेट एकमेकांशी बोलतात. प्रत्येक यंत्राला स्वतःच्या प्रमाणपत्रातून काढलेली एक लांबलचक ओळख असते. दोघांनी एकमेकांची ओळख मान्य केल्याशिवाय एक बाइटसुद्धा हलत नाही.

आणि तरी आमचं घोडं अडलं. फाइली जात होत्या, पण सेकंदाला दोनशे-तीनशे केबीने. एका कॅसेटला साडेतीन तास! दोघांकडेही १०० एमबीपीएसची फायबर लाइन असताना हा वेग कुणालाही पटला नसता. सिंकथिंगच्या पडद्यावर दादाच्या नावापुढे लिहिलं होतं, "रिले वॅन". म्हणजे आमची यंत्रं थेट बोलतच नव्हती. जगात कुठेतरी कुण्या स्वयंसेवकाने चालवलेला रिले सर्व्हर मधे उभा राहून इकडचं तिकडे करत होता. त्या माणसांचे उपकार मोठे आहेत. आपल्या बँडविड्थने ते अनोळखी लोकांचा डेटा वाहतात, आणि तो कुलूपबंद असल्यामुळे त्यांना स्वतःला वाचताही येत नाही. पण तिथून जाणं हा शेवटचा उपाय. थेट रस्ता बंद असेल तेव्हाच सिंकथिंग तिकडे वळतं. आता प्रश्न असा की रस्ता कुठे बंद आहे?

दादा म्हणाला, "अगं, फायरवॉल सरळ बंद करून बघ ना." फायरवॉल म्हणजे नको ती वाहतूक अडवणारी भिंत. ती बंद करायचा सल्ला सगळे देतात, आणि मला तो अजिबात मान्य नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रामने जगभर हाहाकार माजवला, तो ४४५ नंबरच्या उघड्या पोर्टवरून. त्याआधी २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म १३५ नंबरवरून घुसला होता. पुढच्याच वर्षी विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने फायरवॉल मुळातच चालू ठेवायला सुरुवात केली. आपल्याला हवं आहे एक पोर्ट. त्यासाठी सगळी भिंत पाडायची काय गरज?

तर पोर्ट, म्हणजे संगणकाचं नंबर दिलेलं एकेक दार. प्रत्येक संगणकाला टीसीपी या डेटा पाठवायच्या पद्धतीची ६५,५३५ पोर्टं असतात आणि यूडीपी या दुसऱ्या पद्धतीची तेवढीच आणखी, कारण पोर्टचा आकडा सोळा बिटांत लिहितात. वेबसाइटचं सुरक्षित काम ४४३ वर चालतं, मेल सर्व्हर एकमेकांना टपाल देतात ते २५ वर, सिंकथिंग ऐकतं २२००० वर. हे नंबर कोण वाटतं, याची कथा मला फारच आवडली. कितीतरी वर्षं ही यादी जॉन पोस्टेल नावाचा एक संशोधक सांभाळत होता. १९९५ च्या जुलैमध्ये तातू युलोनेन या फिनलंडच्या तरुणाने स्वतः लिहिलेल्या एसएसएच या प्रोग्रामसाठी २२ नंबर मिळेल का, असं ईमेलने विचारलं. एफटीपीचा २१, टेलनेटचा २३, मधला रिकामा दिसला म्हणून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, दिला! आज जगातले असंख्य सर्व्हर त्या नंबरवर ऐकतात.

आता शोधाकडे वळते. माझ्याकडे लिनक्स मिंट टाकलेला जुना लॅपटॉप आहे, सिंकथिंग त्यावर चालतं, आणि त्यावर यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल लावलेली आहे. पहिला प्रश्न लॅपटॉपलाच विचारायचा. सिंकथिंग खरंच ऐकतंय का? लिनक्सवर "एसएस" आणि विंडोजवर "नेटस्टॅट" ही आज्ञा दिली की कुठला प्रोग्राम कुठल्या पोर्टवर कान लावून बसलाय त्याची यादी येते. माझ्या यादीत दोन ओळी होत्या. २२००० सगळ्या पत्त्यांवर ऐकत होता. सिंकथिंगचा स्वतःचा पडदा ज्यावर दिसतो तो ८३८४ मात्र फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त याच यंत्रातल्या माणसासाठी. किती विचारपूर्वक केलंय बघा! जगाशी बोलायचा कान वेगळा, मालकाशी बोलायचा वेगळा. एखादा प्रोग्राम १२७.०.०.१ वरच ऐकत असेल, तर फायरवॉलशी कितीही झगडलात तरी बाहेरच्याला तो सापडायचा नाही. म्हणून हा प्रश्न पहिला.

दुसरा प्रश्न घरातल्या घरात. त्याच वाय-फायवरच्या दुसऱ्या लॅपटॉपवरून "एनसी" या चिमुकल्या प्रोग्रामने २२००० वर हाक मारली. शांतता. बराच वेळ कर्सर नुसता लुकलुकत राहिला आणि शेवटी "टाइम्ड आउट". आणि इथे मी टीसीपीडंप लावला!

टीसीपीडंप हा प्रोग्राम नेटवर्क कार्डावर येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट एकेका ओळीत दाखवतो. खुबी अशी, की आत येणारं पॅकेट तो फायरवॉलच्या आधी बघतो. म्हणजे फायरवॉलने फेकून दिलेलं पॅकेटसुद्धा त्याला दिसलेलं असतं! मी तो सिंकथिंगच्या लॅपटॉपवर चालू केला, पोर्ट २२००० एवढंच दाखव म्हटलं, आणि शेजारच्या लॅपटॉपवरून पुन्हा हाक मारली. पडद्यावर एक ओळ उमटली, त्यात चौकटी कंसात एकच अक्षर, एस. ही जोडणीची विनंती. एका सेकंदाने तीच पुन्हा. मग दोन सेकंदांनी. मग चार, आठ, सोळा, बत्तीस. दर वेळी दुप्पट थांबून तो बिचारा विचारत होता, आणि माझा लॅपटॉप दाद देत नव्हता. शेवटच्या हाकेनंतर आणखी चौसष्ट सेकंद वाट बघून त्याने हात टेकले. सगळे मिळून १२७ सेकंद होतात, आणि "टाइम्ड आउट" यायला एवढा वेळ का लागतो त्याचं उत्तर हेच. आयुष्यभर मी तो लुकलुकणारा कर्सर बघत आले, त्याच्या आत एवढी शिस्तबद्ध चिकाटी चाललेली असते!

विनंती पोचते आहे आणि उत्तर जात नाही. म्हणजे भिंत माझ्याच लॅपटॉपवर, यूएफडब्ल्यूची. वेब, मेल, रिले हे सगळं सुरळीत चाललं होतं ते फायरवॉल आतून बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही म्हणून. २२००० ला परवानगी देणारी एक ओळ लिहिली. लगेच टीसीपीडंपवर तीन ओळी आल्या. एस, मग एस आणि टिंब, मग नुसतं टिंब. विनंती, होकार, पोच. झाली जोडणी! मग मी मुद्दाम सिंकथिंग बंद केलं आणि परत हाक मारली. या वेळी क्षणार्धात उत्तर आलं, "कनेक्शन रिफ्यूज्ड". पडद्यावर एस, आणि उलट दिशेने आर आणि टिंब. फायरवॉलने आत सोडलं, पण ऐकायला कुणी नाही, म्हणून खुद्द लॅपटॉपने कळवलं की इथे कुणी नाही. मला तो नकार किती गोड वाटला काय सांगू! (काही फायरवॉल स्वतःहूनही नकार कळवतात, आणि विंडोजची फायरवॉल बंद पोर्टाबद्दल गप्पच राहते. पण नकार आला तर पलीकडे कुणीतरी जागं आहे, एवढं नक्की.)

घरातलं कोडं सुटलं, पण मिरज अजून रिलेवरूनच बोलत होती. पुढचा गडी राउटर. घरातल्या सगळ्या यंत्रांचे पत्ते १९२.१६८ ने सुरू होतात. ते खासगी, बाहेरच्या जगात त्यांना किंमत नाही. राउटर हा सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा. आतून कोण बाहेर गेलं, कुणाचं पार्सल यायचंय, हे त्याच्या रजिस्टरला लिहिलेलं असतं, आणि तेवढंच तो आत सोडतो. आपणहून आलेल्या पाहुण्याचं काय करायचं, ते आधी सांगून ठेवावं लागतं. त्यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. राउटरच्या पानावर जाऊन मी लॅपटॉपला कायमचा एक पत्ता राखून ठेवला, कारण पत्ता बदलला की नियम भलत्याच यंत्राकडे बोट दाखवतो. मग २२००० त्या पत्त्याकडे वळवला. तपासणीसाठी दुसरा लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर टाकला. घरच्या वाय-फायवरून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्याला हाक मारली तर कित्येक राउटर गोंधळतात आणि निकाल खोटा येतो, म्हणून बाहेरून तपासायचं ते खरंच बाहेर जाऊन.

शांतता! पण या वेळी टीसीपीडंपही कोरा. एकही एस नाही. आधीची शांतता आणि ही शांतता सारख्या नाहीत, हे पाहून मी अक्षरशः उभी राहिले. विनंती माझ्या लॅपटॉपपर्यंत पोचतच नव्हती. भिंत आणखी बाहेर होती.

राउटरच्या स्टेटसच्या पानावर "वॅन आयपी" म्हणून राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता होता, १०० ने सुरू होणारा, दुसरा आकडा ७२. आणि बाहेरच्या वेबसाइटला माझा जो पत्ता दिसत होता तो पार वेगळा! दोन पत्ते जुळत नाहीत, याचा अर्थ माझ्या राउटरच्या वर, इंटरनेट कंपनीकडे, आणखी एक वॉचमन बसलाय. त्याच्या रजिस्टरला माझा हात लागत नाही.

हे असं का, ते वाचत गेले आणि रात्र कधी सरली कळलं नाही. जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता बत्तीस बिटांचा. असे पत्ते जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ होतात. चारशे तीस कोटीसुद्धा नाहीत, आणि माणसं त्याहून कितीतरी जास्त! ३ फेब्रुवारी २०११ रोजी मायामीत एका छोट्या समारंभात मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे जगाच्या पाच विभागीय संस्थांना एकेक वाटले गेले आणि साठा संपला. मग कंपन्यांनी असंख्य घरांना मिळून एक पत्ता द्यायला सुरुवात केली. त्या मधल्या जाळ्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा खास राखून ठेवला. माझा १००.७२ त्यातलाच! जगाची टंचाई माझ्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीखालच्या राउटरवर, एका आकड्यात लिहिलेली होती, आणि तो आकडा आता मला वाचता येत होता.

जोडणीला दोघांपैकी एकाचं पोर्ट उघडं असलं तरी पुरतं, म्हणून दादाला फोन लावला. "तुझ्या राउटरवर वॅनपुढे काय लिहिलंय?" त्याने वाचलं, "शंभर, टिंब, शंभरच, टिंब..." पुढचं ऐकायची गरज नव्हती. दोघेही त्याच पट्ट्यात. दोघेही फक्त बाहेर पडू शकणारे, ज्यांच्या दारात कुणी येऊ शकत नाही असे. दोन्हीकडून एकाच वेळी पॅकेटं सोडून वाट काढायची एक हिकमत सिंकथिंगकडे आहे, पण आमच्या दोन्ही कंपन्यांच्या जाळ्यांपुढे ती चालली नाही. कंपनीकडे महिन्याला वेगळे पैसे भरून स्वतंत्र पत्ता मागता येतो. तो मार्ग मोकळा होता, पण त्याच स्टेटसच्या पानावर खाली आणखी एक ओळ होती, आणि माझं सगळं लक्ष आता तिच्याकडे लागलं होतं.

आयपीव्ही६! एकशे अठ्ठावीस बिटांचा पत्ता. असे पत्ते किती, तर ३४० लिहून पुढे छत्तीस शून्यं. एका घराला साधारणपणे जेवढे पत्ते मिळतात, ते जुन्या सगळ्या इंटरनेटच्या पत्त्यांच्या कितीतरी कोटी पट होतात. आणि याबाबतीत आपला देश जगात आघाडीवर आहे, हे मला माहीतच नव्हतं! २०१६ मध्ये जिओ आलं ते आयपीव्ही६ घेऊनच, आणि आज भारतातले निम्म्याहून जास्त वापरकर्ते या नव्या पत्त्यांवर आहेत. माझ्या लॅपटॉपलाही तसा पत्ता कधीचाच मिळालेला होता. खराखुरा, जगातून थेट हाक मारता येईल असा. दादाच्याही लाइनवर होता.

लगेच हॉटस्पॉटवरून त्या पत्त्याला हाक मारली. शांतता, टीसीपीडंप कोरा. पण आता घाबरायचं कारण नव्हतं, कारण शोधायची रीत कळली होती. इथे रजिस्टरवाला कुणी नाही, तर मधे उरतं कोण? राउटरची स्वतःची आयपीव्ही६ फायरवॉल. ती बाहेरून आपणहून येणाऱ्याला अडवते, आणि अडवायलाच हवं. तिच्या पानावर एकच नियम लिहिला. या एका यंत्राला, २२००० वर, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. बाकी सगळं जसंच्या तसं बंद. (त्या पानावर आयसीएमपी, म्हणजे नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारे निरोप, बंद करायचीही सोय असते. ती वापरू नये असं माझं ठाम मत झालंय. आयपीव्ही६ मध्ये "पॅकेट फार मोठं आहे" हा निरोप त्यावरूनच येतो. तो अडला तर जोडणी होते आणि मोठी फाइल मात्र मधेच गोठते.)

परत हाक. टीसीपीडंपवर एस! त्याच्या पाठोपाठ एस-टिंब, टिंब! लॅपटॉपच्या यूएफडब्ल्यूने माझ्या पहिल्या नियमाबरोबरच आयपीव्ही६ चा जोडनियम आपोआप लिहून ठेवला होता, म्हणून तिथे काहीच करावं लागलं नाही. मिरजेतही काहीच करायचं नव्हतं, तिकडून नुसतं बाहेर पडायचं होतं. माझा नवा पत्ता सिंकथिंगने यंत्रांचे पत्ते सांगणाऱ्या शोधसर्व्हरला कळवला, दादाच्या यंत्राने तो उचलला, आणि माझ्या डोळ्यांदेखत "रिले वॅन" जाऊन "टीसीपी वॅन" झालं. वेगाचा आकडा चढत चढत सेकंदाला अकरा एमबीवर गेला. अख्खी कॅसेट पाच मिनिटांच्या आत मिरजेत! दादाचा फोन आला तेव्हा तो बोलतच नव्हता, त्याने नुसते हेडफोन फोनला लावले होते आणि पलीकडून काकड आरती ऐकू येत होती.

उघड्या पोर्टाची काळजी मलाही वाटली, म्हणून तेही वाचलं. जुन्या पत्त्यांचं जग इतकं लहान आहे की २०१३ मध्ये आलेला झीमॅप नावाचा प्रोग्राम एका संगणकावरून पाऊण तासात ते सगळं चाळू शकतो. नव्या पत्त्यांचं जग तसं चाळणं निव्वळ अशक्य. आणि कुणी येऊन धडकलाच, तर मान्य केलेली ओळख नसेल त्याला सिंकथिंग बोलूच देत नाही. राउटरवरचा पोर्ट फॉरवर्डिंगचा निरुपयोगी नियम मात्र मी त्याच रात्री पुसून टाकला. ज्या नियमाचं काम नाही तो ठेवायचा नाही.

आता तुम्ही एवढं करा. राउटरच्या स्टेटसच्या पानावर जा आणि वॅनपुढचा आकडा वाचा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधे असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर एक मिनिटही घालवू नका. खालची आयपीव्ही६ ची ओळ बघा. ती रिकामी असेल तर कंपनीला फोन करून चालू करायला सांगा. आणि टीसीपीडंप लावून बसा, पहिला एस उमटेपर्यंत!